मंत्रचळ आणि संसार

मंत्रचळ हा शब्द आमच्या भाषेंत जुना आहे. जपतप, अनुष्ठान यांत बुद्धि गुंतून मनुष्यास जें वेड लागतें, त्यास हा शब्द लावीत. आजचे मानसरोगवैद्य ज्यास सक्तीच्या विचारांचा व कृतींचा विकार म्हणतात, त्याच्या धार्मिक रूपाची आमच्या पूर्वजांस ओळख होती, असें या एका शब्दावरून दिसतें. मात्र मंत्रचळ्याशीं जिला संसार करावा लागे, तिच्यासाठीं भाषेनें शब्द घडविला नाहीं.

या दृष्टीनें लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ पुन्हां वाचण्यासारखीं आहेत. लक्ष्मीबाई १८६८ सालच्या. माहेर नाशिकजवळचें जलालपूर. १८५७ च्या बंडाच्या प्रकरणांत त्यांच्या मातामहास फांशी झाली आणि त्या धक्क्यानंतर त्यांच्या वडिलांस सोवळ्याचें वेड लागलें. बाजारचा जिन्नस धुतल्याखेरीज घरांत येईना; मीठसाखरेसारखे पाण्यांत विरघळणारे पदार्थही त्यांतून सुटेनात. वाचतांना हसूं येतें खरें. पण धुवून उरलेल्या मिठावर स्वयंपाक कोणी केला असेल, हा विचार मनांत येतांच तें मावळतें. पतीच्या मर्जीप्रमाणें वागणें हाच पत्नीचा धर्म, आणि सोवळें जितकें कडक तितकी कुळाची प्रतिष्ठा, ही त्या काळची समजूत. त्यामुळें घरांतलें दुखणें बाहेर पुण्याई म्हणून मिरवे. मृत मनुष्यास इतक्या वर्षांनीं रोगाचें नांव चिकटविणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. शिवाय सोवळ्याच्या मुळाशीं असलेली अस्पृश्यता हा समाजाचा अपराध होता, कोणा एकाचा आजार नव्हे. तथापि त्या घरांतील जाच खोटा ठरत नाहीं.

आश्चर्य हें कीं, या संशयास शास्त्रानें बांध घातलेला होता. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत तीन गोष्टी शुद्ध सांगितल्या आहेत: जिचा विटाळ दृष्टीस पडला नाहीं ती, जी पाण्यानें धुतली ती, आणि जी शुद्ध आहे असें वाणीनें सांगितलें ती. सामान्य भाविक येथें थांबतो. मंत्रचळ्यास थांबतां येत नाहीं. धुतलें खरें, पण नीट धुतलें का? म्हणून तो पत्नीस विचारतो. ती ‘शुद्ध आहे’ म्हणते. घटकाभर समाधान होतें आणि पुन्हां तोच प्रश्न उभा राहतो. शास्त्रास एकदां उच्चारलेला शब्द पुरतो. रोगास तो शंभर वेळां उच्चारला तरी पुरत नाहीं. भक्ति आणि विकार यांमधील सीमा आम्हांस येथें दिसते.

१९६६ सालीं लंडनच्या व्हिक्टर मेयर यांनीं अशा रोग्यांवरील नव्या उपचाराची हकीकत प्रसिद्ध केली. रोग्यास भीतीसमोर न्यावयाचें आणि त्याची शुद्धीची क्रिया रोखून धरावयाची. असें केल्यानें भीति हळूहळू ओसरते, असा अनुभव आला. पुढें संशोधकांचें लक्ष घरच्या माणसांकडे वळलें. जोडीदार प्रेमापोटीं पुन्हां धुतो, पुन्हां ग्वाही देतो, आणि त्यानेंच रोग पोसला जातो. २०१३ सालीं अमेरिकेंत जोनाथन अब्रामोविट्झ आदि संशोधकांनीं पतिपत्नींस एकत्र घेऊन हाच उपचार करण्याची पद्धत मांडली. तींत जोडीदारानें न्यायाधीश व्हावयाचें नसतें आणि हुकमाचा ताबेदारही नाहीं. ग्वाही देणें पायरीपायरीनें कमी करावयाचें हें दोघांनीं आधीं ठरवावयाचें, आणि त्यानें होणारी तळमळ दोघांनीं मिळून सोसावयाची. श्रद्धा सोडण्याची अट मुळींच नसते.

हा प्रश्न मोठ्या शहरांपुरता आहे असें कोणी समजूं नये. धाराशिव जिल्ह्यांतील तेरखेडा घ्या. तुळजापूरची भवानी ज्या मुलुखांत घरोघरीं पूजिली जाते, तेथें एखाद्याची पूजा चार तास लांबली तर लोक ‘देवभोळा आहे’ म्हणून कौतुकच करतील. त्याची बायको मात्र निवालेल्या ताटाशीं बसून राहील. असें घर भांडून सुधारत नाहीं, आणि निमूट सोसूनही सुधारत नाहीं. टेलि-मानस ही सरकारी सोय १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली आहे. १४४१६ या क्रमांकावर खेड्यांतूनही विचारतां येतें.

जलालपूरच्या त्या माउलीस विचारावयाला कोणी नव्हतें. तिच्या आजच्या लेकीसुनांस आहे. आणि त्यांनीं विचारणें हा पतिद्रोह नव्हे, धर्मद्रोह तर नव्हेच नव्हे.