कणगीतून कुंडीत

बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात कुणाच्या गच्चीवरल्या जास्वंदीला मावा लागला, की सल्ला शेजारूनच येतो: निंबोळी अर्क मारा. पाठोपाठ ठरलेली पुस्तीही येते, हे आपल्याकडे ऋषिमुनींपासून चालत आलंय. सल्ला चोख आहे. त्याच्या वयाचा दाखला मात्र जरा तपासून घ्यायला हवा.

जुनं आहे ते वेगळंच. कडुनिंबाचा वाळलेला पाला धान्याच्या कणगीत घालायचा, लोकरी कपड्यांच्या घड्यांत ठेवायचा, निंबोळीची पेंड शेतात टाकायची, ही खानदेश-निमाडातली पिढीजात रीत. पण बी कुटून, भिजवून, गाळून उभ्या पिकावर फवारायचं म्हटलं तर आधी पंप हवा, आणि आपल्या शिवारात पंप आला तोच विसाव्या शतकात.

अर्काचं खरं कूळ टोळधाडीपाशी जाऊन पोचतं. 1959 साली सुदानमध्ये टोळांनी सगळी हिरवळ फस्त केली, कडुनिंब तेवढे शाबूत राहिले. हाइनरिश श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने ते पाहिलं आणि पुढचं आयुष्य याच झाडामागे घालवलं. इकडे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत एस. प्रधान, जोतवानी आणि राय यांनी बियांच्या मगजाचं पाणी पानांवर मारून पाहिलं. मगजाचं प्रमाण 0.001 टक्के, म्हणजे लाखात एक भाग. तेवढ्यानेही टोळ पानाला तोंड लावेना. 1962 मध्ये टोळधाड थेट दिल्लीवर उतरली आणि हाच प्रयोग उघड्यावरच्या पिकांवर झाला. टोळ बसले, पण फवारलेलं पीक त्यांनी खाल्लं नाही.

यामागचं द्रव्य 1968 मध्ये इंग्लंडच्या कील विद्यापीठात बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी वेगळं काढलं: अझाडिरॅक्टिन. त्याची रचना पक्की व्हायला 1985 उजाडलं. ते प्रयोगशाळेत घडवायला केंब्रिजच्या स्टीव्हन ले यांच्या चमूला 22 वर्षं लागली. 2007 मध्ये जमलं. आपल्या आळीतलं झाड ते दर उन्हाळ्यात फुकट घडवतं आणि आपण ते झाडून टाकतो. हे द्रव्य किडीला जागच्या जागी मारत नाही. तिची खाण्याची वासना जाते आणि कात टाकण्याचं तंत्र बिघडतं. ‘फवारलं तरी किडे हिंडतायत’ ही तक्रार म्हणूनच दुसऱ्या दिवशी करू नये.

मग आलं पेटंटचं प्रकरण, जे सगळ्यांना अर्धंच ठाऊक असतं. अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना 1994 मध्ये युरोपीय पेटंट मिळालं. ते होतं बुरशीविरुद्ध निंबोळी तेल वापरण्याचं. आपल्या अर्काला त्याचा थेट धक्का नव्हता. 1995 मध्ये वंदना शिवा, माग्दा एल्व्हुट आणि सेंद्रिय शेतीवाल्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी हरकत घेतली. मे 2000 मध्ये म्युनिकला सुनावणी झाली आणि पेटंट रद्द झालं. त्यावरचं अपील 8 मार्च 2005 रोजी फेटाळलं गेलं. वर्तमानपत्रांनी विजय प्राचीन ज्ञानाचा ठरवला. प्रत्यक्षात 2000 च्या निकालात वजन पडलं ते पुण्याच्या अभय फडके यांच्या साक्षीचं: 1985 आणि 1986 च्या उन्हाळ्यांत पुणे आणि सांगली जिल्ह्यांत शेतावर घेतलेल्या चाचण्या. ‘फार पूर्वीपासून’ या शब्दांवर निवाडा होत नाही. गाव, साल आणि करणारा माणूस दाखवावा लागतो. मला ही गोष्ट सगळ्या कुळकथेत जास्त मोलाची वाटते.

गच्चीवर अर्क आला तो शेतातून. तिथलं माप असं: 5 किलो मगजाची भरड 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, सकाळी गाळून, पाणी घालून 100 लिटर करायची. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी भाजीपाला फुलवला तेव्हापासून शहरी गच्चीबागेला मराठीत चांगलाच जोर आला, आणि सकाळी तोडून दुपारी खायच्या पालकावर जहाल औषध मारायला कुणी धजेना. शेताचं माप मग कुंडीपुरतं आटलं: लिटरभर पाण्याला 50 ग्रॅम भरड.

निंबोळ्या जून-जुलैत पिवळ्या पडून गळतात. गर चोळून काढून बी सावलीत वाळवायचं; पावसात भिजून बुरशी धरलेलं बी टाकूनच द्यावं. तीन महिन्यांहून ताजं नको, वर्षभर जुनंही नको. भरड फडक्यात बांधून भिजवली की सकाळी पुरचुंडी पिळताना दुधट पाणी उतरतं आणि बोटांचा कडवटपणा जेवणापर्यंत जात नाही. त्यात चमचाभर साबणाचं पाणी घातलं की अर्क पानावर नीट पसरतो. फवारणी संध्याकाळीच, पानाच्या खालच्या अंगाला. उन्हात अझाडिरॅक्टिन लवकर विरतं. पिठ्या ढेकूण असेल तर नुसत्या अर्काच्या भरवशावर राहू नये. त्याच्या अंगावर मेणाचा थर असतो. तो साबणाच्या बोळ्याने आधी पुसून काढायचा, मग फवारायचं.