श्वास कुणाच्या हातात

आमच्या सातारा-सांगलीकडे धापेवर पहिला मोठा इलाज होता हवापालट. पाचगणीला डॉ. रुस्तमजी बिलिमोरियांनी 1912 साली बेल-एअर सॅनेटोरियम काढलं, क्षयरोग्यांसाठी. मिरजेत डॉ. वॉन्लेस यांचं मिशन हॉस्पिटल त्याआधीच, 1894 पासून चालू होतं. पण थकलेल्या फुप्फुसांना बाहेरून श्वास पुरवत राहायचा, हे तेव्हा रुळलेलं नव्हतं.

हातानं, मोठ्या प्रमाणावर ते जमवलं कोपनहेगननं. 1952 च्या पोलिओ साथीत भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांच्या सांगण्यावरून गळ्याला छेद देऊन नळी बसवली गेली आणि वैद्यकीच्या विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रात्रंदिवस रबरी पिशवी दाबली. 1956 मध्ये आपोआप फुगणारी अँबू बॅग आली.

मी सिस्टर म्हणून लागले तेव्हा आमच्या वॉर्डात हेच चालायचं. व्हेंटिलेटर एकच, तोही अडकलेला. मग पेशंटच्या भावाला, मेव्हण्याला शिकवायचं, "दाबा, सोडा. छाती वर येते का बघा. घाई नको." थोड्या वेळानं बोटं आखडायची, दुसरा बसायचा. जतकडची एक बाई रात्रभर दिराला श्वास देत होती. त्याला फुप्फुसाचा कॅन्सर होता, पसरलेला. त्याला काय हवंय, हे नळी घालण्याआधी आम्ही कुणीच विचारलं नव्हतं. ते मला आजही डाचतं.

केमोनं पांढऱ्या पेशी उतरलेल्याला नळीतून जंतुसंसर्गाची भीती मोठी. 2001 साली फ्रान्समधल्या 52 पेशंटच्या अभ्यासात घट्ट मास्कमधून हवेचा दाब दिल्यावर नळीची वेळ कमी आली, जीवही वाचले. पुढच्या मोठ्या अभ्यासांत तेवढा फायदा दिसला नाही. मग हाय-फ्लो आलं: नाकातून मिनिटाला 60 लिटरपर्यंत कोमट, ओलसर ऑक्सिजन. पेशंट बोलतो, पेज पितो. मला हे फार मोलाचं वाटतं.

रक्ताचा कॅन्सर नुकताच सापडलाय, औषधाला दाद देण्याजोगा आहे, तर वेळ पडल्यास नळीही घालावी, काही दिवस झुंजू द्यावं. पण उपचार संपलेत, तर थोडं मॉर्फिन, तोंडावर पंख्याचा वारा आणि सोसवेल तोवरच मास्क. मॉर्फिनला नातेवाईक घाबरतात; बेताच्या डोसनं धाप खरोखर शमते.

हे सगळं पेशंट शुद्धीवर असताना, त्याच्याशीच बोलून ठरवायला हवं. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तशी इच्छा आधी लिहून ठेवायला मान्यता दिली. 2023 पासून त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्याकडे जावं लागत नाही. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात.