अडीना डी झवाला आणि ॲलमोचा मठ

वास्तूचे जतन करावयाचे ते तिच्या रूपासाठी की तिच्या साक्षीसाठी, हा प्रश्न इतिहाससंशोधकास टाळता येत नाही. टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथील ॲलमोच्या बाबतीत तो विसाव्या शतकारंभी तीव्रतेने उपस्थित झाला. त्याचे उत्तर अडीना डी झवाला (१८६१-१९५५) ह्या शिक्षिका व इतिहासकार बाईंनी दिले.

१७१८ साली स्थापन झालेल्या ह्या स्पॅनिश मिशनमध्ये दगडी चर्च व त्याच्या शेजारी धर्मोपदेशकांचा लांबट मठ होता. ६ मार्च १८३६ रोजी मेक्सिकन सेनेने ॲलमो जिंकून घेतला. पुढे चर्चचा दर्शनी भाग हाच त्या संग्रामाचे प्रतीक ठरला. वस्तुतः त्यावरील सुपरिचित कमानदार माथा १८५० सालचा, म्हणजे लढाईनंतरचा आहे. मठ मात्र व्यापाऱ्यांच्या हाती गेला आणि किराणा मालाची घाऊक वखार बनून लाकडी बांधकामाआड झाकला गेला.

१९०५ मध्ये ही मिळकत राज्याकडे आली व तिची व्यवस्था एका महिला-संस्थेकडे सोपविण्यात आली. खरेदीसाठी आरंभी द्रव्य पुरविणाऱ्या क्लॅरा ड्रिस्कॉल ह्यांच्या पक्षाचे मत असे की, वखार उत्तरकालीन असून ती पाडल्यास चर्च उठून दिसेल. डी झवाला ह्यांचे प्रतिपादन असे की, आतील भिंती मूळ मठाच्याच असून लढाईतील निकराची झुंज तेथेच झाली. फेब्रुवारी १९०८ मध्ये त्यांनी तीन दिवस स्वतःस त्या इमारतीत कोंडून घेतले.

ह्या प्रसंगाचा गाजावाजा पुष्कळ झाला. परंतु त्यांचे खरे महत्त्व त्यांच्या प्रतिपादनात आहे. गव्हर्नर कोल्क्विट ह्यांच्या कारकिर्दीत लाकडी आवरण निघाले, तेव्हा जुन्या दगडी भिंती उघड झाल्या. तरीही १९१३ मध्ये वरच्या मजल्याच्या भिंती उतरविण्यात आल्या. खालच्या तेवढ्या वाचल्या.

बाईंच्या १९१७ च्या ग्रंथात इतिहासाबरोबर दंतकथाही आहेत, व त्या चिकित्सेनेच वाचावयास हव्यात. तथापि दर्शनी देखणेपणापेक्षा भिंतीची साक्ष प्रमाण मानण्याची त्यांची दृष्टी निःसंशय संशोधकाची होती. मठाचा वरचा मजला गेला, आणि त्याबरोबर पुन्हा कधीही न मिळणारे एक साधनही गेले.