झाड कोणाचे, आणि फांदीवरचा माणूस कोणाचा? रत्नागिरीच्या वृक्षतोडीची तीनशे वर्षे

१/
दर पावसाळ्यात वृक्षारोपणाचा हंगाम आला की शिवछत्रपतींचे म्हणून एक ‘पत्र’ आपल्या मोबाइलवर हमखास येते. आंबा, फणस तोडू नका, रयतेने ही झाडे लेकरांसारखी वाढवली आहेत, असा त्याचा आशय. आशय खरा आहे. मात्र ते पत्र नव्हे. तो रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्र’ या राजनीतिपर ग्रंथातील भाग आहे. ग्रंथाचा काळ १७१५-१६च्या सुमाराचा, म्हणजे कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या कारकिर्दीतला. अमात्यांनी शिवकाळ डोळ्यांनी पाहिला होता आणि ते धोरण या ग्रंथात उतरले आहे, हे मान्य. तरीही हा मजकूर पर्यावरणाच्या प्रकरणात नसून आरमाराच्या प्रकरणात आहे, ही गोष्ट पुढे पाठवणारे सहसा सांगत नाहीत. आजचा धागा तिथूनच सुरू होतो.

२/
आरमाराला लाकूड लागते आणि तेही थोडेथोडके नव्हे. अमात्य सांगतात की सागवानासारखी लाकडे हुजूरची परवानगी घेऊन तोडावीत, आणखी लागेल ते परमुलखातून विकत आणावे. आंब्या-फणसाचे लाकूडही गलबतांना उपयोगी पडते, पण त्याला हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. एवढे तर सर्वांना ठाऊक असते. त्यापुढची अट मात्र फार कोणी वाचत नाही: एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर धन्याला राजी करून, त्याला पैसे देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे, बळजोरी नसावी.
म्हणजे हा निव्वळ मनाई हुकूम नव्हे. झाडाची अवस्था पाहावी, मालकाची संमती घ्यावी, मोबदला द्यावा आणि मग कुऱ्हाड उचलावी, अशी ती वृक्षतोडीची कार्यपद्धती आहे. आज एखादा व्यावसायिक झाड उतरवण्याचे काम घेतो तेव्हा याच तीन पायऱ्या चढतो.

३/
हे नियम हवेत लिहिलेले नव्हते. संगमेश्वराकडून जयगडच्या खाडीकडे वाहणाऱ्या शास्त्री नदीच्या काठचे सागवान हे आंग्र्यांच्या आरमाराचे मोठे कोठार होते, अशी नोंद इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरकारांनी केली आहे. कान्होजी १७२९मध्ये वारले. १७५६च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या खाडीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या माऱ्यात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. आपण त्या दिवशी बुडालेली जहाजे मोजतो. त्या जहाजांसाठी डोंगरावर किती ओंडके पाडले गेले असतील आणि ते पाण्यापर्यंत कोणी ओढत आणले असतील, हा विचार क्वचितच होतो.

४/
पुढचा अंक कंपनी सरकारचा. इंग्रजांनाही नौदलासाठी सागवान हवे होते. मलबारात १८०६मध्ये कॅप्टन वॉटसन (हा वॉटसन वेगळा) याला वनरक्षक नेमून सागावर सरकारी मक्ता बसवण्यात आला. लोक इतके संतापले की १८२३मध्ये ते पदच मोडीत काढावे लागले.
त्याच दशकात दक्षिण कोकणचा कलेक्टर डनलॉप याने रत्नागिरीत नेमकी उलट वाट धरली. झाडांवरचे सरकारी हक्क बहुतांशी सोडून ते जमीनधारकांकडे जाऊ दिले. हेतू चांगला होता: झाड आपले वाटले की माणूस ते लावील आणि जपील. घडले मात्र विपरीत. हक्क उद्या परत गेला तर, या धास्तीने आणि मुंबईच्या लाकूडबाजाराच्या ओढीने डोंगर उघडे पडत गेले. पुढील अर्धशतकात बंदरांतून मुंबईकडे जळाऊ लाकूड जात राहिले.
याबद्दल डनलॉपला खलनायक ठरवणे मला पटत नाही. मालकी दिली की जपणूक आपोआप होते, ही समजूत आजही अनेक योजनांच्या मुळाशी आहे.

५/
या एका निर्णयाची सावली आजतागायत पडलेली आहे. १८७८चा भारतीय वन कायदा आला तेव्हा ठाणे-कुलाब्याकडे मोठमोठी राखीव जंगले आखली गेली. रत्नागिरीत आखण्यासारखे सरकारजमा जंगल फारसे उरलेच नव्हते. आजही या जिल्ह्यातले बहुतेक जंगल मालकीचे आहे आणि सरकारी वन नगण्य. म्हणून इथे वृक्षतोड हा मुख्यतः खात्याचा विषय न राहता मालक, लाकडाचा ठेकेदार आणि झाडावर चढणारा गडी यांच्यातला व्यवहार झाला. या तिघांपैकी पहिल्या दोघांची नावे कागदावर येतात.

६/
आता त्या तिसऱ्याकडे वळू. कोकणातले सर्वांत जुने आणि सर्वांत व्यापक ‘वृक्षशल्य’ कोणते? कवळतोड.
भाताचे रोप ज्या वाफ्यात टाकायचे तो वाफा आधी भाजून घेतात. हा राब, ही भाजावळ. त्यासाठी हिवाळ्यात ऐन, किंजळ अशा झाडांच्या पालेदार फांद्या, म्हणजे कवळ, तोडून भारे बांधायचे, ते वाळवायचे, मग वाफ्यावर पालापाचोळा, गवत, शेण आणि माती यांच्याबरोबर थरांनी रचून पावसाच्या आधी पेटवायचे. तण जळते, राख मिळते, रोप जोमाने उगवते. भातखाचराला जोडून वरकस जमीन असणे म्हणूनच महत्त्वाचे. तिथली झाडे म्हणजे खताचा साठा.
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राबाच्या प्रश्नावर मोठे वादळ उठले होते. फांद्या छाटल्याने जंगल मरते असे वनखाते म्हणे. राब बंद झाला तर भात मरेल असे शेतकरी म्हणत. ठाणे-कुलाब्याच्या तक्रारी ऐकण्यासाठी १८८५मध्ये मुंबई सरकारने वन आयोग नेमला. भारतीय शेतीवर १८९३मध्ये अहवाल लिहिणारा रसायनतज्ज्ञ व्होल्कर यानेही राबाची दखल घेतली.
युरोपातही शेंड्याच्या ठरावीक उंचीवर झाड पुन्हा पुन्हा छाटून पालवी घेण्याची पद्धत शेकडो वर्षे होती आणि तशी झाडे दीर्घायुषी ठरली. योग्य जागी, योग्य अंतराने छाटले तर झाड मरत नाही. ओरबाडले तर मरते. वाद खरे तर या दोहोंतल्या फरकाचा होता, आणि तो फरक सर्वांत चांगला कळत होता तो कोयता चालवणाऱ्याला.

७/
त्याची साधनसामग्री पाहा. कमरेच्या मागे आकडी, तिच्यात अडकवलेला कोयता, म्हणजे चढताना दोन्ही हात मोकळे. सोबत दोर. पायांत काही नाही. फांदी आधी खालून थोडी छेदायची आणि मग वरून घाव घालायचा, नाहीतर ती मोडताना खोडाची साल सोलवटून नेते. आज वृक्षशल्याच्या प्रशिक्षणात पहिल्या दिवशी शिकवला जाणारा हा नियम कोकणात पिढ्यान्पिढ्या हाताने हाताला दिला गेला. वाऱ्याची दिशा, ओली साल, मुंगळ्यांचे घरटे, पोकळ वाजणारी फांदी, हे सारे त्याच्या शास्त्राचे विषय होते.
आणि जमीन बहुधा त्याची नव्हती. खोतीच्या गावांत कुळाचे हक्क किती आणि खोताचे किती, याचे तंटे अखंड चालले. १८८०च्या खोती कायद्याने ते मिटले नाहीत. १९३७मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोतीविरोधी विधेयक मांडले. प्रत्यक्ष खोती गेली ती १९४९च्या कायद्याने, १९५०मध्ये.

८/
स्वातंत्र्योत्तर काळात सरकार झाडाकडे परत आले, या वेळी मालक म्हणून नव्हे तर परवानगी देणारा म्हणून. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४. साग, आंबा, फणस, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ, चिंच, हिरडा अशा अनुसूचित जातींची झाडे स्वतःच्या जमिनीतली असली तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. अमात्यांच्या यादीतला साग, आंबा आणि फणस इथेही हजर आहेत, हे पाहून गंमत वाटते. शहरांसाठी १९७५चा वेगळा कायदा. त्यात २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना ‘प्राचीन वृक्ष’ असा दर्जा दिला. आणि २०२४च्या ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळाने विनापरवाना तोडीचा दंड एक हजारावरून पन्नास हजार करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा मालकी झाडांच्या या कोकणात त्याची किती चर्चा झाली असेल, हे वेगळे सांगायला नको.
हे सारे कायदे एकाच प्रश्नाचे उत्तर देतात: झाड तोडायचे की नाही? कसे तोडायचे आणि तोडणाऱ्याने खाली जिवंत कसे उतरायचे, हा त्यांचा विषय नाही.

९/
दरम्यान हत्यार बदलले. ज्याला गावोगाव सरसकट ‘कटर’ म्हणतात, त्या साखळी करवतीचा जन्म जंगलात झालेला नाही. १७८०च्या दशकात स्कॉटलंडमधील एटकेन आणि जेफ्री या डॉक्टरांनी बाळंतपणाच्या अवघड प्रसंगी आणि सडलेले हाड काढण्यासाठी दातेरी साखळी वापरली. १८३०च्या सुमारास जर्मनीत हाइन याने तिला हाताने फिरवण्याची मूठ बसवली. माणसावरच्या शल्यक्रियेचे साधन झाडाकडे आले ते पुढे शंभर वर्षांनी: १९२०च्या दशकात स्टील आणि डोल्मार या जर्मन कंपन्यांनी लाकूड कापणारी यंत्रे काढली. पेट्रोलवरचे यंत्र तेव्हा दोघांनी धरावे लागे. एका माणसाचे यंत्र यायला १९५० उजाडले.
साखळीच्या दातांची कथा आणखी विलक्षण आहे. १९४६मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने ओंडका पोखरणारी अळी पाहिली. ती जबडे डावी-उजवीकडे चालवत रेषांच्या आडवे-उभे सहज कापत होती. त्याने तसेच दात साखळीला दिले. आज जगभर चालणारी साखळी त्याच आकाराची वंशज आहे. ती अळी लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या कुळातली. आपल्या हापूसचे खोड पोखरणारा भिरूडही त्याच कुळातला. झाड कापणारे यंत्र झाडाच्या शत्रूकडून शिकले.

१०/
कोयत्याने दिवसभर चालणारे काम कटर घटकाभरात करतो. पण कोयता निसटला तर एक घाव बसतो. कटर उसळला तर साखळी थेट मानेकडे येते. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग कशाला टेकला की यंत्र मागे उसळते. म्हणून साखळीला थांबा असतो, म्हणून एका हाताने कटर चालवायचा नसतो, म्हणून परदेशी कामगाराच्या विजारीत विशिष्ट धाग्यांचे थर असतात. साखळी त्यांत गुंतते आणि थांबते. कोकणच्या दमट उकाड्यात ती विजार घालणे सोपे नाही, हे कबूल. पण शिरस्त्राण आणि डोळ्यांवरचा चष्मा यांना उकाड्याची सबब पुरत नाही.
झाड मुळातून पाडतानाही तेच. ज्या बाजूला पाडायचे तिकडे खाच घ्यायची. मागून कापताना मध्ये बुंध्याच्या जाडीच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतके लाकूड बिजागरीसारखे शिल्लक ठेवायचे. बिजागरी कापली गेली की झाड कुठे पडेल ते झाडालाच माहीत. बाकीच्यांनी झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर उभे राहायचे. आणि वीजवाहिनी जवळ असेल तर महावितरणला कळवून प्रवाह बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोयतासुद्धा काढायचा नाही.

११/
या ज्ञानाची कसोटी लागली ३ जून २०२० रोजी. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकले आणि मंडणगड, दापोली, केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरूड या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या आणि आंब्याच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते रत्नागिरीच्या किनाऱ्याला घासून गेले.
उभे झाड पाडण्यापेक्षा पडलेले झाड कापणे अधिक धोक्याचे असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. एकावर एक कोसळलेल्या झाडांत एक बाजू दाबात असते आणि दुसरी ताणात. ताणातली बाजू आधी कापली की खोड धनुष्यासारखे सुटते. उपटलेल्या मुळांचा गड्डा, वजन सुटताच, पुन्हा खड्ड्यात उभा राहतो. रस्ता मोकळा करण्याची घाई, पाऊस, तुटलेल्या तारा आणि हातात उसना आणलेला कटर: त्या आठवड्यांत किनाऱ्यावर जे काम झाले ते बहुतेक अशा परिस्थितीत झाले.

१२/
तोडीइतकेच मोठे काम आहे छाटणीचे. जुन्या हापूसच्या बागा इतक्या उंच आणि दाट झाल्या की आत ऊन पोहोचत नाही, फवारणी शेंड्यापर्यंत जात नाही आणि काढणाऱ्याला जीव मुठीत धरून चढावे लागते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने (स्थापना १९७२) अशा बागांच्या पुनरुज्जीवनाचे तंत्र रूढ केले: मधली फांदी उतरवून झाड ठेंगणे करायचे, नव्या फुटव्यांची विरळणी करायची, भिरूड लागू नये म्हणून कापांची काळजी घ्यायची. कापावर लावायची बोर्डोपेस्ट म्हणजे मोरचूद आणि चुना. १८८०च्या दशकात फ्रान्समधल्या बोर्डो परिसरात द्राक्षांसाठी सापडलेले हे मिश्रण आज राजापुरात आंब्याच्या जखमेवर बसते.
छाटणीनंतर काही हंगाम उत्पन्न बुडते. त्यामुळे बागायतदार टाळतो, झाड आणखी उंच होते आणि पुढचा चढणारा आणखी वर जातो. हा चढणारा आता अनेकदा नेपाळमधून आलेला असतो.

१३/
तो पडला तर? राज्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना उंचावरून पडून झालेल्या मृत्यूलाही दोन लाख रुपये देते. मात्र लाभार्थी म्हणजे वहितीधारक शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एक व्यक्ती. सातबाऱ्यावर ज्याच्या घरातल्या कोणाचेच नाव नाही, तो दुसऱ्याच्या झाडावरून पडला तर या व्याख्येत बसत नाही. तीनशे वर्षांपूर्वी अमात्यांनी झाडाच्या धन्याचे दुःख नोंदवले. आजची योजनाही धन्यापाशीच थांबते.
केरळात मुख्यालय असलेल्या केंद्रीय नारळ विकास मंडळाने २०११पासून तरुण-तरुणींना यंत्राच्या साहाय्याने माडावर चढण्याचे प्रशिक्षण देण्यास सुरुवात केली. माडावर चढणाऱ्यांसाठी मंडळाची ‘केरा सुरक्षा’ ही अपघात विमा योजनाही आहे. तिच्यात जमिनीचा उतारा लागत नाही, चढणारा असणे पुरते. पण ती माडापुरती आहे. ऐनावर कवळ तोडणारा, आंब्याचे बांडगूळ उतरवणारा आणि वादळानंतर रस्त्यावरचा वड कापणारा तिच्या कक्षेबाहेर आहे.