पांढऱ्या ठिपक्यांचा इतिहास

राजेरजवाड्यांचा इतिहास बाजूस ठेवून मी माशाच्या एका रोगाचा इतिहास निवडला, याचे आपणांस नवल वाटले असेल. त्यामागे माझीच एक चूक आहे. घरच्या काचपेटीतील सोनमाशांच्या अंगावर मीठ भुरभुरावे तसे पांढरे ठिपके उमटले. मी औषध घातले. तिसऱ्या दिवशी ठिपके गेले, म्हणून औषध थांबवले. पुढच्या आठवड्यात सातही मासे दगावले.

काचपेटीचा छंद तसा अर्वाचीन. पाणवनस्पती, मासे व गोगलगाय यांचा समतोल साधणारा प्रयोग लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये विद्वानांपुढे मांडला; १८५३ मध्ये तेथील प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडले. कोंडलेल्या पाण्यात माशांबरोबर त्यांचे परजीवीही आले. हिल्गेनडॉर्फ व पाउलिकी या जर्मन संशोधकांनी १८६९ मध्ये या त्वचानिवासी सूक्ष्मजीवाची नोंद केली. १८७६ मध्ये फ्रेंच संशोधक फूके यांनी त्यास ‘इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिस’ हे नाव दिले. ग्रीक-लॅटिनचा हा जोड आपल्याकडे ‘बहुप्रसवा मत्स्ययूका’ असा होईल. हा जीव एकपेशीय आहे, ऊ नव्हे. पण ‘बहुप्रसवा’ हे विशेषण अक्षरशः खरे.

ठिपका म्हणजे माशाच्या त्वचेच्या आवरणाखाली पोसला जाणारा एक जीव. तेथे पाण्यातील औषध पोचत नाही. वाढ पुरी झाली की तो आपणच गळून पडतो, तळाशी कोश करतो आणि कोशात विभागत जाऊन शेकडो पिल्ले सोडतो. दोनेक दिवसांत मासा न सापडल्यास ती मरतात. औषध लागू पडते ते या पोहत्या पिल्लांनाच. मी ज्याला गुण समजलो, तो शत्रूचा तळाशी पडलेला मुक्काम होता!

पंचवीस अंश उष्णतेच्या पाण्यात हे चक्र आठवड्याच्या आत फिरते. अगदी थंड पाण्यात महिन्याहून अधिक रेंगाळते. म्हणून ठिपके दिसेनासे झाल्यावरही मीठ वा औषध ठराविक अंतराने चालू ठेवावे लागते. मॅलॅकाइट ग्रीन गुणकारी खरे, पण खाण्याच्या माशांना वर्ज्य. औषधाविनाही एक मार्ग आहे, आणि मला तो अधिक पटतो: मासे रोज नव्या पाण्याच्या भांड्यात हलवायचे आणि आदले भांडे धुऊन खडखडीत वाळवायचे.

हल्ली नवा मासा आणला की तो चार आठवडे वेगळ्या घंगाळात राहतो. घरची मंडळी त्या घंगाळाला ‘दवाखाना’ म्हणतात.