जॉन बार्डीन: फिजिक्सचं नोबेल दोनदा मिळवणारे प्रोफेसर

तुमच्या हातातल्या फोनच्या प्रोसेसरमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. उदाहरण द्यायचं तर ॲपलच्या ए१७ प्रो या एका चिपमध्ये सुमारे १,९०० कोटी ट्रान्झिस्टर आहेत. पण पहिला ट्रान्झिस्टर कोणी बनवला असं विचारलं, तर बऱ्याच जणांना नाव आठवत नाही. आज आपण त्यातल्याच एका शास्त्रज्ञाची माहिती घेणार आहोत.

थोडक्यात माहिती

• जन्म: २३ मे १९०८, मॅडिसन, विस्कॉन्सिन राज्य, अमेरिका
• शिक्षण: इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग (विस्कॉन्सिन विद्यापीठ), पीएचडी (प्रिन्स्टन, १९३६)
• मुख्य काम: ट्रान्झिस्टर (१९४७), सुपरकंडक्टिव्हिटीचा सिद्धांत (१९५७)
• नोबेल: १९५६ आणि १९७२, दोन्ही फिजिक्ससाठी
• निधन: ३० जानेवारी १९९१, बॉस्टन

इंजिनिअर ते फिजिसिस्ट

बार्डीन यांचे वडील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजचे डीन होते. जॉन बारा वर्षांचे असताना कॅन्सरने त्यांच्या आईचं निधन झालं. अभ्यासात ते खूप पुढे होते, पण बोलणं अगदी कमी. इंजिनिअरिंगचं मास्टर्स झाल्यावर त्यांनी पिट्सबर्गला गल्फ ऑइल कंपनीच्या संशोधन विभागात सुमारे तीन वर्षं नोकरी केली. जगभर मंदी होती, लोकांच्या नोकऱ्या जात होत्या. अशा वेळी ही चांगली नोकरी सोडून ते १९३३ मध्ये प्रिन्स्टनला शिकायला गेले. तिथे त्यांचे गाइड होते युजीन विग्नर, ज्यांना पुढे स्वतःलाही नोबेल मिळालं. नंतर हार्वर्ड, मिनेसोटा विद्यापीठात अध्यापन, युद्धकाळात नौदलाची प्रयोगशाळा असा प्रवास करत १९४५ मध्ये ते बेल लॅब्समध्ये दाखल झाले.

ट्रान्झिस्टर कसा बनला?

त्या काळी सिग्नल मोठा करायला काचेच्या व्हॅक्युम ट्यूब वापरत. त्या तापायच्या, वीज खायच्या आणि जळायच्या. त्याऐवजी सेमीकंडक्टर वापरता येईल का, हा प्रश्न होता.

टीमचे प्रमुख विल्यम शॉकली यांची कल्पना अशी होती की सेमीकंडक्टरजवळ बाहेरून विद्युत क्षेत्र आणलं की आतला करंट कमी-जास्त करता येईल. कागदावर सगळं बरोबर होतं, पण प्रयोगात काहीच होईना! कारण शोधलं बार्डीन यांनी. त्यांचं म्हणणं होतं की काही इलेक्ट्रॉन पृष्ठभागावरच अडकून बसतात आणि बाहेरच्या क्षेत्राला आत पोहोचू देत नाहीत. एसटीच्या दारातच गर्दी घट्ट उभी राहिली की कंडक्टरची हाक आतपर्यंत जात नाही ना, साधारण तसंच.

अडचण कळल्यावर बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन कामाला लागले. बार्डीन यांचं डोकं थिअरीत, ब्रॅटन यांचा हात प्रयोगात. १६ डिसेंबर १९४७ ला त्यांनी प्लास्टिकच्या त्रिकोणी तुकड्यावर सोन्याची पातळ पट्टी चिकटवली, टोकाला ब्लेडने बारीक चीर दिली आणि ते टोक जर्मेनियमवर दाबलं. सोन्याच्या दोन टोकांमधलं अंतर होतं जेमतेम ०.०५ मिलिमीटर. एका टोकाला दिलेल्या छोट्या सिग्नलने दुसऱ्या टोकाचा सिग्नल मोठा होऊ लागला. २३ डिसेंबरला त्यांनी हे वरिष्ठांना करून दाखवलं.

श्रेयाचं भांडण

आता खरी गोष्ट. या शोधाच्या मुख्य क्षणी शॉकली नव्हते, आणि त्या पेटंटवर त्यांचं नावही आलं नाही. ही गोष्ट त्यांना फार लागली. त्यांनी एकट्याने काम करून काही आठवड्यांतच वेगळ्या रचनेच्या, जास्त टिकाऊ ट्रान्झिस्टरची कल्पना मांडली. ती खरोखर उत्तम होती. पण पुढच्या महत्त्वाच्या कामातून बार्डीन आणि ब्रॅटन यांना त्यांनी बाजूला ठेवलं. प्रसिद्धीच्या फोटोत मात्र ब्रॅटन यांच्या उपकरणासमोर शॉकलीच बसलेले दिसतात.

बार्डीन यांनी तमाशा केला नाही. १९५१ मध्ये ते बेल लॅब्स सोडून इलिनॉय विद्यापीठात प्रोफेसर झाले, तेही इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग आणि फिजिक्स अशा दोन विभागांत. १९५६ मध्ये शॉकली, बार्डीन आणि ब्रॅटन या तिघांना मिळून नोबेल मिळालं. बातमी आली तेव्हा बार्डीन सकाळी नाश्त्याला अंडी करत होते. रेडिओवर नाव ऐकलं आणि हातातला पॅनच खाली पडला!

दुसरं नोबेल

१९११ पासून एक कोडं होतं. पारा सुमारे उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला की त्याचा विद्युत रोध एकदम शून्य होतो. का, ते जवळपास ४५ वर्षं कोणालाच नीट सांगता आलं नव्हतं.

बार्डीन यांनी लिऑन कूपर हा तरुण संशोधक आणि रॉबर्ट श्रीफर हा पीएचडीचा विद्यार्थी यांना सोबत घेतलं. कूपर यांनी दाखवलं की एरवी एकमेकांना दूर ढकलणारे इलेक्ट्रॉन अशा थंडीत जोड्या करू शकतात. पण सगळ्या जोड्यांचं गणित एकत्र बसेना. श्रीफर विषय बदलायच्या विचारात होते. नोबेल घ्यायला स्टॉकहोमला निघताना बार्डीन यांनी त्यांना अजून थोडे दिवस प्रयत्न करायला सांगितलं. त्यानंतर काही आठवड्यांतच श्रीफर यांना धागा सापडला. १९५७ मध्ये तिघांच्या आडनावांवरून ‘बीसीएस’ म्हटला जाणारा सिद्धांत प्रसिद्ध झाला.

आणि इथे बार्डीन शॉकलींच्या अगदी उलट वागले. मार्च १९५७ मध्ये फिलाडेल्फियाच्या परिषदेत हे काम जगासमोर मांडायचं होतं, तेव्हा त्यांनी दोघा तरुणांना पुढे केलं. १९७२ मध्ये तिघांना नोबेल मिळालं. फिजिक्सचं नोबेल दोनदा मिळवणारे बार्डीन आजवरचे एकमेव आहेत.

शिक्षक म्हणून

ते इतक्या हळू बोलत की विद्यार्थ्यांनी त्यांना ‘व्हिस्परिंग जॉन’ असं नाव ठेवलं होतं. इलिनॉयमधले त्यांचे पहिले पीएचडी विद्यार्थी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये डोळ्यांना दिसेल असा लाल प्रकाश देणारा एलईडी बनवला. बार्डीन १९७५ मध्ये निवृत्त झाले. गोल्फची मात्र त्यांना शेवटपर्यंत आवड होती.

मग आपल्या फोनमध्ये त्यांचाच ट्रान्झिस्टर आहे का?

नाही. फोनमधला ट्रान्झिस्टर मॉसफेट प्रकारचा असतो. तो बेल लॅब्समध्येच मोहम्मद अटाला आणि दावोन कांग यांनी १९५९-६० च्या सुमारास बनवला. सिलिकॉनवर त्याच्याच ऑक्साइडचा थर देऊन पृष्ठभागावरच्या त्या अडकलेल्या इलेक्ट्रॉनचा त्रास त्यांनी आटोक्यात आणला. म्हणजे बार्डीन यांनी ओळखलेली अडचण सुटली, आणि सुरुवातीला फसलेली विद्युत क्षेत्राची कल्पना शेवटी चालली. तिच्यावरच आज तुमचा फोन चालतो.