दम्याची स्टेरॉइड औषधे आणि मुलांची वाढ
बालदम्यात रोज पंपाने ओढून घ्यायच्या स्टेरॉइडमुळे उंचीवर होणारा परिणाम थोडा, पण खरा आहे. अमेरिका व कॅनडातील ५ ते १२ वर्षांच्या १,०४१ मुलांवरील ‘कॅम्प’ चाचणीत (निष्कर्ष २०००) रोज ४०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड घेणारी मुले औषधविरहित पंप वापरणाऱ्यांपेक्षा सरासरी १.१ सेंमी. कमी वाढली. वेग मंदावला तो मुख्यतः सुरुवातीच्या काळात. पुढे फरक वाढत गेला नाही, पण भरूनही निघाला नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात प्रौढ वयातील तफावत १.२ सेंमी. होती.

हाडांना मात्र खरा धोका वारंवार तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या प्रेडनिसोलोनसारख्या औषधांचा. ती आतड्यांतून कॅल्शियमचे शोषण घटवतात व हाड घडवणाऱ्या पेशींना आवर घालतात. ‘कॅम्प’ चाचणीतील मुलांच्या पुढील नोंदींत अशा वाढत्या मात्रांबरोबर मुलग्यांच्या हाडांत खनिजे कमी साठलेली दिसली.

आटोक्यात नसलेला दमाही वाढ खुंटवतो. सेंटिमीटरभर उंचीच्या धास्तीने पालक पंप परस्पर बंद करतात, ते जिवावर बेतू शकते. म्हणून डॉक्टर दमा आटोक्यात ठेवणारी किमान मात्रा देतात आणि उंची नियमित मोजतात. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) वापरून नंतर चूळ भरल्यास पोटात जाणारे औषध कमी होते.